गोदीतील सूत्रधार : जमशेटजी बोमनजी वाडिया

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा ते काम आमच्याकडे आले तेव्हा आम्ही ज्या पुरुषाची निवड केली, तो आपल्या ज्ञातीचा नाही, आपल्या धर्माचाही नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. जमशेटजी बोमनजी वाडिया हे पारशी गृहस्थ होते व त्यांचे घराणे मूळ सुरतेचे. परंतु वाकस, करवत, पटाशी, रंधा आणि गुण्या ही जी हत्यारे आपल्या घराघरांत पूजेला लागतात, तीच त्यांच्याही घराण्याची हत्यारे होत. सुतार हा शब्द सूत्रधार या शब्दापासून आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. आणि दोरी धरून, सूत मारून, शेकडो माणसांचे हात एका रेषेत आणणारा असा सूत्रधार गेल्या अडीचशे वर्षांत या किनाऱ्यावर दुसरा झाला असेल, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या ज्ञातिबांधवांच्या मुलांना त्यांचे नाव ठाऊक असावे, एवढाच हा लेख लिहिण्यातला आमचा हेतू.

लोणी काळभोरच्या माणसाला जहाजाचे काय, असे कोणी विचारील. समुद्र घाटापलीकडे राहिला. आमची मुळा-मुठा नदी पावसाळ्याखेरीज नाव घालण्याच्याही योग्यतेची नसते. पण योग असा की, आमच्याच गावच्या राजबाग परिसरात आज नौकानयनाचे व सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संस्था उभी आहे, आणि समुद्र कधी न पाहिलेल्या गावांची मुलेही तेथे जहाजांची यंत्रे शिकतात. त्या मुलांपैकी काहींच्या तोंडून आम्ही एक गोष्ट ऐकली. ती अशी की, आजच्या जहाजबांधणीत सर्वांत मोठा खर्च नवे काम करण्यात होतो असे नव्हे, तर केलेले काम उकलून पुन्हा करण्यात पुष्कळ पैसा व वेळ जातो. कारखान्यांत याला रिवर्क म्हणतात. आपण दुबार काम म्हणू. हे दुबार काम कमी कसे करावे यासाठी आता मोठे शास्त्र झाले आहे. त्या शास्त्राविषयी पुढे दोन शब्द लिहिणारच आहोत. पण ते ऐकताना आम्हांस प्रथम आठवण झाली ती जमशेटजींची.

त्यांचे चरित्र त्यांच्या आजोबांपासून सांगावे लागते. लवजी नसरवानजी हे सुरतेच्या एका जहाज बांधणाऱ्याच्या हाताखाली मुकादम होते. ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत एक जहाज बांधावयास टाकले असता कंपनीच्या अधिकाऱ्याची नजर या तरुण मुकादमाच्या कामावर गेली, आणि सन १७३६ च्या सुमारास काही सुतार बरोबर घेऊन लवजी मुंबईस आले. त्या वेळची मुंबई म्हणजे आजची मुंबई नव्हे. सात बेटे, मधून चिखल, आणि व्यापारात सुरतेच्या खाली. तेथे लवजींनी गोदीची घडी बसविली. सन १७५० मध्ये मुंबईस पहिली सुकी गोदी बांधून झाली. आशिया खंडातील ती पहिली मानली जाते. पुढच्या पंधरा वर्षांत तिला लागून आणखी दोन झाल्या. सुकी गोदी म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. समुद्रकाठी दगडी हौद बांधावयाचा, त्याला दरवाजा ठेवावयाचा. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यावयाचे, ओहोटीबरोबर पाणी उतरले की दरवाजा लावून उरलेले पाणी उपसून टाकावयाचे. मग जहाजाचा जो भाग नेहमी पाण्याखाली असतो, तो सुतारापुढे उघडा पडतो. मुंबईच्या उधाणाची भरती-ओहोटी चौदा-पंधरा फुटांपर्यंत जाते, म्हणून हे तेथे विशेष सोयीचे झाले.

लवजी सन १७७४ मध्ये वारले. जवळजवळ चाळीस वर्षे कंपनीची जहाजे बांधून त्यांच्यामागे एक घर आणि तीन हजारांच्या आतली शिल्लक एवढेच राहिले. गोदीत लाकूड, लोखंड, तांबे, दोर यांचे व्यवहार केवढे होत, आणि अशा जागी बसणाऱ्याला हात ओले करून घेण्यास किती वाव असे, याची कल्पना केली म्हणजे ही शिल्लक काय सांगते ते कळते.

मृत्यूपूर्वी तीन वर्षे, म्हणजे सन १७७१ मध्ये, लवजींनी आपले दोन नातू गोदीत कामास लावले. एक माणेकजींचा मुलगा फ्रामजी आणि दुसरा बोमनजींचा मुलगा जमशेटजी. जमशेटजींचा जन्म सन १७५४ चा, तेव्हा वय सतरा. मुख्य सुताराची नातवंडे म्हणून त्यांना कोठे देखरेखीवर बसविले नाही; दरमहा १२ रुपयांवर साध्या सुतारात घातले. आम्ही या गोष्टीवर थोडे थांबतो. आपल्याकडे बाप मिस्त्री झाला की मुलगा पहिल्या दिवशीच वही हातात घेऊन उभा राहतो, ही तक्रार आजची नाही. लाकडाची शीर कोठे उलटते, कोणत्या गाठीत पुढे भेग जाणार, पटाशी किती दाबावी, हे वहीत दिसत नाही. ज्याने स्वतः फळी तासली आहे त्याला दुसऱ्याची चूक दहा हातांवरून दिसते. इतरांना ती जहाज पाण्यात गेल्यावर दिसते.

आजोबांमागून माणेकजी व बोमनजी या दोन भावांनी गोदी सांभाळली. बोमनजी १७९० मध्ये व माणेकजी १७९२ मध्ये वारले, आणि मुख्य सुताराची जागा फ्रामजी व जमशेटजी या चुलतभावांकडे आली. जमशेटजी तेव्हा अडतिसाव्या वर्षात होते. म्हणजे गोदीत शिरल्यापासून मुख्य होईपर्यंत एकवीस वर्षे गेली. फ्रामजी सन १८०४ मध्ये निवर्तले व त्यानंतरचा सर्व भार जमशेटजींवर पडला.

आता त्यांच्या कामाकडे वळू.

इंग्लंडात जहाजे ओकच्या लाकडाची होत. ओक मजबूत खरा, पण त्यात एक प्रकारचे आम्ल असते. त्याने आत ठोकलेले लोखंड गंजते, आणि लोखंड गंजले की भोवतालचे लाकूडही खराब होते. आपल्या सागवानात तेल असते. ते लोखंडाला धरून राहते, कीड लागू देत नाही व लाकूड पाण्यात फुगून वाकत नाही. मुंबईच्या गोदीला हे सागवान मलबार किनाऱ्यावरून व पश्चिमेकडील जंगलांतून येई. पण केवळ लाकडाच्या गुणावर सर्व श्रेय ढकलणे अन्यायाचे होईल. चांगल्या सागवानाची वाईट दारे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

सुरतेकडून आलेली जी खास रीत मुंबईच्या गोदीत चालत असे, ती फळ्या सांधण्याची. युरोपात जहाजाच्या बाजूच्या फळ्या कडेला कड लावून बसवीत आणि मधल्या फटीत तागाच्या चिंध्या व डांबर कोंबीत. जहाज समुद्रात हेलकावे खाऊ लागले की फटी सैल होत, पाणी येई, आणि पुन्हा सगळे उकरून भरावे लागे. सुरत-मुंबईचे सुतार एका फळीच्या कडेला खाच पाडून दुसरीची कड तिच्यात जिभेप्रमाणे बसवीत. मध्ये राळेत भिजविलेला कापूस देत आणि मग दोन्ही फळ्या अशा आवळीत की वरून पाहणाऱ्याला सांधा सापडू नये. तळाला चुना व तेल घोटून केलेला लेप देत. त्याला गलगल म्हणत. हा लेप वाळला म्हणजे दगडासारखा होई. अशा रीतीने फळी बसविण्यास वेळ दुप्पट लागतो हे कोणीही सुतार सांगेल. खाच आणि जीभ दोन्ही तंतोतंत असाव्या लागतात. अर्धे सूत चुकले तरी फळी बसत नाही, आणि बळेच बसविली तर फुटते. म्हणजे चूक झाकण्याची सोयच या सांध्यात नाही. कडेला कड लावणाऱ्याची चूक चिंध्यांखाली दडते आणि वर्षभराने पाणी होऊन बाहेर येते; खाचेच्या सांध्यातली चूक तेथेच, त्याच दिवशी, करणाऱ्याच्याच हातात उघडी पडते. दुबार कामाचे सारे मर्म या एका फरकात आहे असे आमचे मत आहे. बैलगाडीचे चाक करणाऱ्या जुन्या सुतारांना हे समजावण्याची गरज नव्हती. तुंब्यातले आरे ढिले राहिले तर वर लोखंडी धाव चढवून काही दिवस चाक चालते. पण ते चाक नेमके ओढ्यात, भरल्या उसाच्या गाडीखाली, दगा देते.

इंग्लंडची त्या काळची स्थिती याच्या उलट झाली होती. सन १७९३ पासून फ्रान्सशी युद्ध चालू होते. ओकची जंगले तुटत आली होती. गरज मोठी, म्हणून लाकूड वाळू न देता ओलेच वापरावे लागे. सन १८१० च्या जुलैमध्ये लंडनजवळ डेप्टफर्डच्या गोदीतून क्वीन शार्लट नावाचे शंभर तोफांचे प्रचंड जहाज पाण्यात सोडले. पुढच्याच वर्षी तपासणी केली तेव्हा ते आतून कुजलेले निघाले. समुद्रावर एकदाही कामगिरीस न जाता त्याची फळीन्‌फळी उकलून बहुतेक नव्याने बांधावे लागले. आणि त्याच वर्षी, त्याच्या महिनाभर आधी, म्हणजे १९ जून १८१० रोजी मुंबईच्या डंकन गोदीतून जमशेटजींनी मिंडेन हे ७४ तोफांचे जहाज बाहेर काढले होते. ब्रिटिश बेटांच्या बाहेर बांधलेले ब्रिटिश आरमाराचे हे पहिले मोठे युद्धजहाज. पुढे तीस-बत्तीस वर्षांनी ते हाँगकाँगच्या बंदरात इस्पितळ म्हणून काम देत होते. दोन्ही जहाजांचे जन्म एका वर्षाचे. वाचकांनी तुलना आपली आपण करावी.

हे काम जमशेटजींच्या हाती सहज आले नाही. सन १८०२ च्या सुमारास विलायतेच्या आरमारखात्याने मुंबईस लढाऊ जहाजे बांधण्याचे मनात आणले तेव्हा त्यांचा बेत इंग्लंडातून गोरा मुख्य सुतार पाठविण्याचा होता. काळा माणूस व्यापारी गलबते बांधील, पण राजाच्या आरमाराचे जहाज त्याच्या हाती कसे द्यावे, ही शंका. जमशेटजींच्या कामाची माहिती तेथे पोहोचल्यावर तो बेत सोडून देण्यात आला आणि तेच मुख्य राहतील असे ठरले. १७ जानेवारी १८०५ रोजी त्यांनी ३६ तोफांचे पिट हे जहाज पाण्यात सोडले. पुढे त्याचे नाव बदलून साल्सेट, म्हणजे आपल्या साष्टी बेटाचे नाव, ठेवण्यात आले. सन १८०८-०९ च्या हिवाळ्यात हे जहाज उत्तरेकडील बाल्टिक समुद्रात बर्फात सापडले. बर्फाचा दाब लाकडी जहाजाला सुपारीसारखा फोडतो. पण मुंबईचे हे सागवानी जहाज त्यातून सुखरूप बाहेर आले. उष्ण देशातल्या सुताराच्या कामाची परीक्षा बर्फाने घ्यावी आणि त्यात ते उतरावे, हा योगायोग आम्हांस मोठा हृद्य वाटतो.

शंका घेणाऱ्यांसंबंधीची एक आख्यायिका वाडिया घराण्याच्या चरित्रांत येते, ती येथे देतो. सन १८०० मध्ये जमशेटजींनी कंपनीसाठी कॉर्नवॉलिस नावाचे जहाज बांधले. ते पुढे आरमाराने विकत घेतले. पुष्कळ वर्षांनी दुरुस्तीसाठी त्याचा तळ उघडला असता एका तुळईवर इंग्रजीत अक्षरे कोरलेली आढळली म्हणतात. गोरे अधिकारी गोदीतल्या काळ्या माणसांना जी शिवी देत, तीच शिवी स्वतःला लावून, हे जहाज त्याने बांधले आहे असे जमशेटजींनी तेथे लिहून ठेवले होते व खाली साल घातले होते. शिवी उलटून देण्याचा हा प्रकार मोठा मासलेवाईक खरा. बांधताना कोणाला दिसू नये आणि जहाज शाबूत राहिले तरच पुढे वाचले जावे, अशी जागा त्यांनी शोधली होती. (याच नावाचे ७४ तोफांचे दुसरे जहाज १८१३ मध्ये झाले, तेव्हा दोहोंची गल्लत करू नये, पहिल्याचे नाव पुढे अकबर ठेवण्यात आले.)

सन १८१२ अखेर एक अडचण उभी राहिली. तीतून त्यांनी जो मार्ग काढला तो आजच्या कारखानदारांनीही पाहण्याजोगा आहे. विलायतेहून नव्या जहाजांचे नकाशे घेऊन जावा नावाचे जहाज हिंदुस्थानाकडे निघाले होते. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी ते पकडून जाळले, आणि नकाशेही गेले. दुसरे नकाशे येईपर्यंत कित्येक महिने जाणार. गोदीत मात्र लाकूड, माणसे सर्व तयार. तेव्हा वेलस्ली हे ७४ तोफांचे जहाज नकाशांची वाट न पाहता दुसऱ्या कॉर्नवॉलिसच्या धर्तीवर बांधण्यात आले व ते २४ फेब्रुवारी १८१५ रोजी पाण्यात उतरले. कागद जळाला तरी जहाजाची आकृती गोदीत शिल्लक होती, ती फर्म्यांत आणि सुतारांच्या हातांत. एकदा सिद्ध झालेला फर्मा जपून ठेवावा आणि पुढचे काम त्यावरून करावे, म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने चुकावे लागत नाही.

येथे त्या शास्त्राचे दोन शब्द लिहितो. सन १९२४ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने असे दाखविले की, कोणत्याही कामाच्या मापात थोडाफार फरक पडणारच. परंतु नेहमीचा फरक कोणता व काही बिघडल्यामुळे पडलेला फरक कोणता, हे मापे नोंदवून आलेखावर मांडली असता वेळीच ओळखता येते. हे शूहार्ट प्रो. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून सन १९४७-४८ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात येऊन गेले होते. त्यांचे अनुयायी डेमिंग यांनी सन १९५० मध्ये जपानात व्याख्याने दिली, आणि जपानी कारखानदारांनी ती मनावर घेतली. जहाजांच्या गोद्यांत त्यांनी असे केले : लोखंडी पत्रा कापला की माप, वाकविला की माप, जोडला की पुन्हा माप, आणि प्रत्येक माप लिहून ठेवणे. आजकाल जहाज मोठमोठ्या ठोकळ्यांनी वेगवेगळे बांधून मग एकत्र जोडतात. दोन ठोकळ्यांच्या कडा काही मिलिमीटर जुळल्या नाहीत की गॅसने कापा, पट्टी घाला, पुन्हा सांधा. उष्णतेने पत्रा आणखी वाकतो तो निराळाच. डाग देताना पत्रा किती आकसतो हे नोंदींवरून आधीच कळले, तर कापतानाच तेवढी सूट ठेवता येते आणि पुढचे कापणे टळते. शेवटी तपासनीस उभा करून चुका पकडण्यापेक्षा चूक जेथे जन्मते तेथेच ती दिसली पाहिजे, असे डेमिंग यांचे म्हणणे होते. मुंबईच्या माझगाव गोदीतही आता लढाऊ जहाजे अशी ठोकळ्यांनीच बांधली जातात. जमशेटजींना आलेख ठाऊक नव्हते, आणि त्यांच्यावर हे शास्त्र लादण्याचा आमचा विचार नाही. त्यांच्याकडे खाचेचा सांधा होता, फर्मा होता आणि बारा रुपयांवर शिकलेला डोळा होता.

त्यांच्या हातून ७४ तोफांची आणखी दोन जहाजे झाली, मेलव्हिल व मलबार. लहान लढाऊ जहाजेही झाली. सन १८१९ मध्ये श्रीरंगपट्टणचे नाव दिलेले जहाज उतरले. आरमारखात्याने त्यांना चांदीचा चषक पाठविला, कंपनीने चांदीची मोजपट्टी दिली. ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात त्यांचे जे तैलचित्र आहे, त्यात पागोटे व शुभ्र अंगरखा घातलेले जमशेटजी हातात नकाशा घेऊन बसले आहेत, मागे खिडकीतून जहाज दिसते, आणि ती मोजपट्टी त्यांच्या कमरबंदात खोवलेली आहे. सुताराला मोजपट्टीच बक्षीस द्यावी, ही कल्पना ज्याला सुचली त्याचे आम्हांस कौतुक वाटते.

परंतु चरित्र लिहिणाऱ्याने केवळ आरती करू नये. ही जहाजे कोणासाठी होती? ज्यांनी हा देश ताब्यात घेतला, त्यांच्या आरमारासाठी. दुसऱ्या कॉर्नवॉलिसवर सन १८४२ च्या ऑगस्टात नानकिंगचा तह झाला, आणि अफूच्या युद्धात हरलेल्या चीनने त्या तहाने हाँगकाँग गमावले. सागवानाच्या हव्यासापायी सन १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन यास जंगलांचा अधिकारी नेमून लाकडाचा सर्व व्यापार सरकारने आपल्या मुठीत घेतला. तेथील जमीनदारांना व लाकूडतोड्यांना त्याचा इतका जाच झाला की, १८२३ मध्ये ती जागाच रद्द करावी लागली. उलट मुंबईचे काम उत्तम ठरू लागताच थेम्स नदीवरच्या जहाज बांधणाऱ्यांनी आपला धंदा बुडतो म्हणून ओरड केली व हिंदी जहाजांवर निर्बंध घालणारे कायदे झाले. गोदीचे अधीक्षक विल्यम मनी यांनी सन १८११ मध्ये पुस्तक लिहून सागवानी जहाजे दीर्घकाळ टिकतात व म्हणून अखेरीस स्वस्त पडतात असे मांडले. परंतु हिशेब पटणे निराळे आणि हित सोडणे निराळे. जमशेटजींनी आपल्या कामाच्या या दोन बाजूंचा विचार केला असेल काय, हे त्यांच्या जहाजांवरून कळण्यासारखे नाही. त्या काळी दुसऱ्या कोणत्या आरमारासाठी त्यांनी जहाजे बांधावी, असाही प्रश्न आहेच. आंग्र्यांचे आरमार त्यांच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी, सन १७५६ मध्ये, विजयदुर्गास जळाले होते. आम्ही या बाबतीत न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. पण आपल्या मुलांना हे चरित्र सांगताना ही बाजू गाळू नये, एवढे मात्र म्हणतो.

त्रिंकोमाली या जहाजाचा पाया १८१६ मध्ये घातला गेला. पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी स्वतः कोरीव चांदीचा खिळा तळाच्या तुळईत ठोकला. त्यांचे वय तेव्हा बासष्टीच्या घरात होते. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी हे सुमारे दीडशे फूट लांबीचे जहाज पाण्यात उतरले आणि १८१९ च्या एप्रिलअखेर इंग्लंडास पोहोचले. तोपर्यंत युद्धे संपली होती. जहाजाला काम नव्हते. ते बंदरात नुसते बांधून ठेवले. ओकचे जहाज असे उभे राहिले असते तर खिळखिळे झाले असते. त्रिंकोमाली पंचवीसहून अधिक वर्षे उभे राहिले आणि १८४७ मध्ये दुरुस्त होऊन अटलांटिकावर, व पुढे प्रशांत महासागरावर, कामगिरीस गेले.

जमशेटजी ३१ ऑगस्ट १८२१ रोजी मुंबईस वारले. गोदीत तेव्हा गंगेच्या नावाचे ८४ तोफांचे जहाज पुरे होत आले होते. मुलगा नवरोजी यांनी ते हाती घेतले आणि १० नोव्हेंबरला ते पाण्यात सोडले. काम ज्या माणसाचे होते तो गेल्यावर सत्तर दिवसांत जहाज वेळेवर उतरते, याचा अर्थ काम एका माणसाच्या डोक्यात अडकलेले नव्हते. मुख्य सुताराची जागा त्या घराण्यात १८८४ पर्यंत राहिली. वाफेची यंत्रे आली तेव्हा त्यांचेच दोन तरुण १८३८ मध्ये ती विद्या शिकण्यास इंग्लंडास गेले. आणि अर्देशर कर्सेटजी तर १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी सभासद झाले. त्यांचे चरित्र स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

गंगा जहाज १९३० मध्ये मोडीत निघाले. वेलस्ली १९४० मध्ये थेम्स नदीत जर्मन विमानांच्या बाँबने बुडाले, तेव्हा त्याला सव्वाशे वर्षे झाली होती. कॉर्नवॉलिसचा सांगाडा शीरनेस येथे धक्का म्हणून वापरला जात होता, तो १९५७ मध्ये मोडला. त्रिंकोमाली मात्र अजून पाण्यावर आहे. १८९७ पासून पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ते दुसऱ्या नावाने मुलांच्या शिक्षणासाठी वापरले गेले. १९८७ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल गावी नेऊन त्याची दुरुस्ती झाली, ती २००१ मध्ये पुरी झाली. दुरुस्तीनंतरही निम्म्याहून बरेच अधिक लाकूड मूळचे, म्हणजे मुंबईच्या सुतारांनी बसविलेलेच आहे. ब्रिटनमध्ये आज तरंगत असलेले हे सर्वांत जुने युद्धजहाज होय. डंकन गोदी मुंबईत अद्याप आरमाराच्या वापरात आहे, पण तेथे सामान्य माणसास प्रवेश नाही. आपल्या सभासद कुटुंबांतील जी मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी इंग्लंडास असतील, त्यांना हार्टलपूलला जाणे अवघड नाही. जहाज लोकांस पाहण्यास खुले असते, आणि खालच्या मजल्यावर उतरून फळ्यांचे सांधे जवळून पाहता येतात.